बंड्याची पेज

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमचे खंडेराव लग्नापासून सांगत आलेत. पण ती जीभ मी भागीवर चालवली नसती तर बंड्या जगला असता, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

सहासष्ट साली तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. हे तिथे मुकादम, आणि आम्ही बोईसरला भाड्याच्या खोलीत. भागी पाड्यावरून लाकडाची मोळी घेऊन यायची. मला मूलबाळ नाही हे बघून तिनेच बंड्या आणून दिला, ओंजळीत मावेल एवढं कुत्र्याचं पिल्लू.

वर्षाचा झाला तरी बंड्या अंगाने भरेना. मधूनच गोल गोल फिरायचा, लाळ गाळायचा, भिंतीला डोकं लावून तासन्‌तास उभा राहायचा. हाक मारली तरी ओळख नाही.

एकदा भागीने मोळी टाकली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"नर्मदाबाय, मासली-मटण खाल्ला का याला असा होतं. पेजेच्या दिशी बरा हाय तो. पेजच दे."

"पेज पिऊन तुम्ही झालात काटक्या, आता माझ्या कुत्र्यालाही करा!" मी फाडकन बोलले. ती चुंबळ उचलून निघून गेली.

मी साताऱ्याकडची. अशक्त जिवाला कलेजी, हे आमच्या घरचं औषध. चुलीवर परतून मी त्याला हाताने भरवायची. तो जितका भिंतीला टेकायचा तितकी मी जास्त भरवायची. शेवटी त्याला झटके यायला लागले, तेव्हा पोत्यात गुंडाळून पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात नेला.

"याचं लिव्हर जन्मापासूनच अधू आहे," डॉक्टर म्हणाले. "मांसाचं विष रक्तातून मेंदूत चढतं. भात-ताकावर ठेवला असता तर बरीच वर्षं काढली असती. काय घालत होता?"

मला कलेजी म्हणवेना. दुपारी तो तिथेच गेला.

बंड्या गेल्याचं कळून आठवड्याने भागी आली. भिंतीवर त्याच्या डोक्याच्या उंचीला चुना घासून गेला होता, तिथे तिने हात फिरवला.

"पेज दिलेली ना, बाय?"

त्या दिवशी मात्र माझी जीभ जड झाली. "दिली होती गं," मी म्हणाले.

तिने माझा हात हातात घेतला. "मंग तुझा दोष नाय," म्हणाली, आणि माझ्यासाठी रडली.