देश कोणामुळे एकोणचाळिसावा आला

एकोजीला पहिल्या पानावर बसायची सवय झाली होती. कुंभकोणमच्या त्या मराठी घरात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे एका पंगतीला जेवत, आणि त्या महिन्यात ज्याने घराण्याचं नाव काढलं असेल त्याला पंगतीतलं पहिलं केळीचं पान मिळे. वाढायला सुरुवात त्याच्यापासून. पायसातले काजू बहुतेक त्याच्याच वाटणीला. शिवाय त्याने घास घेतल्याशिवाय इतरांनी भाताला हात लावायचा नाही, त्यामुळे एकोजी भात फार सावकाश कालवी. सहावीपासून तो विज्ञानात वर्गात पहिला. चार वर्षं अख्खी पंगत त्याच्या बोटांकडे बघत ताटकळली होती.

चुलतभाऊ मुरली त्याच्याच वर्गात, दहावीला. मुरलीला विज्ञानात पास होण्यापुरते गुण पडत आणि तेवढ्यावर तो खूष असे. पंगतीत तो शेवटच्या पानावर बसे, मांजराच्या अलीकडे.

मग शाळेत ती आंतरराष्ट्रीय चाचणी आली. बेचाळीस देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना विज्ञान कितपत येतं ते बघायचं होतं. शाळेतल्या दीडशे मुलांतून संगणकाने तीस नावं काढली. एकोजीने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग कागद उलटून मागची कोरी बाजूही वाचली. त्याचं नाव नव्हतं. नवव्या क्रमांकावर मुरली होता.

"सर, यादी चुकलीय," त्याने गुरुमूर्ति सरांना सांगितलं.

"चुकली नाही. यात हुशार मुलं निवडायची नसतात. संगणक डोळे मिटून नावं काढतो. परीक्षा मुलांची नाहीच, देशाची आहे. कुणाचे गुण कुणाला कळणार नाहीत. मुलगे आणि मुली यांची वेगवेगळी सरासरी तेवढी जाहीर होईल."

"पण मुरली आजारी पडला तर माझा नंबर लागेल?"

"मुरली आजारी आहे?"

"अजून नाही, सर."

शाळेने घरी पाठवलेल्या पत्रात 'आपल्या पाल्याची निवड झाली आहे' एवढंच होतं. आजोबांनी ते उभं राहून वाचलं. कृष्णमूर्ति आजोबांनी आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात तीस वर्षं जीप चालवली होती, त्यामुळे घरात विज्ञानाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं अंतिम असे.

"भारताकडून," ते म्हणाले. "आपला मुरली!"

"आजोबा, नावं डोळे मिटून काढलीत."

"मग? डोळे मिटूनही हाच सापडला की नाही?"

कविता काकूंनी मीठमिरच्या ओवाळून मुरलीची दृष्ट काढली. एकोजीच्या सख्ख्या आईने, पंकजाने, मुरलीला बदाम घातलेलं दूध दिलं. आणि पुढच्या पंगतीला मुरली पहिल्या पानावर बसला. त्याला थांबायचंही कळत नव्हतं. भात पडला की तो खायला लागे. पंगत खूष होती. इतकं गरम जेवण त्यांना चार वर्षांत मिळालं नव्हतं.

एकोजी सायकल काढून पट्टीश्वरम्‌ला गेला. दुर्गेपुढे त्याने लिंबाच्या सालीतला दिवा लावला आणि चाचणीच्या दिवसापुरता मुरलीला ताप मागितला. एकशे एक, त्याहून जास्त नको. घोटाळा नको म्हणून फॅरनहाइट असंही सांगितलं.

चाचणीच्या दिवशी मुरली ठणठणीत होता. ताप एकोजीला आला. बरोबर एकशे एक.

"काय विचारलं?" संध्याकाळी त्याने तोंडातलं थर्मामीटर काढून विचारलं.

"सांगायचं नाही डा. सही घेतलीय आमची."

"एकच सांग."

मुरलीने दाराकडे पाहिलं. "एक बर्फाचा होता."

"बर्फाचं काय?"

"वितळत होता."

पुढचे तीन दिवस एकोजी अंथरुणात पडून बर्फावर जे जे विचारता येईल त्याची उत्तरं छताला सांगत होता. सगळी बरोबर होती.

निकाल यायला दीड वर्ष लागलं, आणि निकाल लागेपर्यंत मुरलीचा महिना संपत नाही असं आजोबांनी ठरवलं. मधल्या काळात एकोजीने जिल्ह्याचं विज्ञान पारितोषिक आणलं. "जिल्हा म्हणजे तंजावरच ना," आजोबा म्हणाले. "तंजावर तर आपलंच होतं." आणि त्यांनी पायस पुढे सरकवायला सांगितलं.

शेवटी एका रविवारी सकाळी पेपरात आलं. विज्ञानात भारताचे मुलगे बेचाळिसांत एकोणचाळिसावे. एकोजीने बातमी एकदा आजोबांना, एकदा काकूंना आणि एकदा उगीचच, स्वयंपाकघराच्या दिशेने वाचून दाखवली.

आजोबांनी पेपर हातात घेऊन आकडा स्वतः वाचला. मग म्हणाले, "मुरली नसता तर बेचाळिसावे आलो असतो."

एकोजी तडक मुरलीला शोधायला निघाला. निदान त्याने तरी पडलेलं तोंड दाखवावं, एवढीच इच्छा होती. मुरली गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसला होता आणि खरोखरच रडत होता.

"मी देश पाडला रे," तो म्हणाला. "सगळ्यांनी मज एवढं वाढलं, दूध दिलं, आणि मी बर्फाचं चुकलो."

एकोजीला हे बघून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अख्खा देश खाली आणायचा मानसुद्धा यालाच!

"तू कसला पाडतोस? हजारो मुलगे बसले होते. त्यात तुझं एकट्याचं काय? सरासरीला तू आलास काय नि गेलास काय, पत्ताही लागत नाही. देश घसरला तो मी नव्हतो म्हणून."

मुरलीने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. तो विज्ञानात कच्चा होता, पण एवढं त्याला समजलं.

"म्हणजे माझ्या एकट्यामुळे नाही?"

"नाही."

"आणि तू एकटा असतास तर?"

हजारो मुलगे, त्यांत एक जास्तीचा. हिशोब सोपा होता. एकोजीच्या डोक्यात तो मुरलीचं वाक्य संपायच्या आत झालासुद्धा. विज्ञानाच्या प्रश्नाचं उत्तर येत असूनही ते न देण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

"माझी गोष्ट वेगळी," तो म्हणाला.