हात लावायला लोखंड

काही विमानांत सोळाव्या रांगेनंतर अठरावी येते. मधल्या रांगेत कोणी बसत नाही, म्हणून मधली रांगच नसते.

*

नोलीच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये वाळू दिसत नाही. छत्र्या दिसतात.

*

गौदेन्झिओमामांनी जाताना हेझलनटची टेकडी भाच्याच्या नावे केली आणि कुत्रा शेजाऱ्याच्या.

*

नवा बोनेट दोन बोटांनी उचलता येतो. जुन्याला दोन माणसं लागायची.

*

रिकामी शववाहिका समोरून आली की अपशकुन टळावा म्हणून माझा नवरा हात लावायला लोखंड शोधतो. लोखंड नसेल तर पुरुष जिथे हात लावतात तिथे लावतो. अशा वेळी मी खिडकीबाहेर बघते. लग्न झाल्यापासून बघते आहे.

*

रक्तदाब मोजताना बोलू नये.

*

माझं नाव इर्मा. गावात माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून सगळे मला डॉक्टरबाई म्हणतात. नवरा एवाझिओ. त्याने जन्मभर कॉफीयंत्रांचे सुटे भाग विकले, आणि निवृत्त झाल्यावर मामांची टेकडी विकली. टेकडीचे पैसे आले तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन जाहिराती पडल्या होत्या. माझी: नोलीला समुद्रासमोर दोन खोल्या आणि बाल्कनी. त्याची: तारिकोचा कारखाना, वीस गाड्या, फक्त वीस.

तारिको गावाबाहेरच्या जुन्या गिरणीत बसतो. आमच्या तरुणपणी रॅलीत धावलेल्या दोन दारांच्या कूपे गाड्या तो कुठून कुठून शोधून आणतो, सोलतो आणि आत सगळं नवं भरतो. चेहरा तेवढा जुना ठेवतो. किंमत चार लाख वीस हजार युरो.

"एवढ्यात नवी येईल," मी म्हटलं.

"नवी कोणालाही मिळते."

"मग जुनी घे."

"जुनी बंद पडते."

"म्हणजे तुला जुनी हवी, पण जुनी नको."

"आत्ता कुठे कळलं तुला," तो अगदी आनंदाने म्हणाला.

टेकडीच्या पैशांत त्याने निवृत्तीचे पैसे घातले आणि गाडी बनवायला सांगितली. नोलीचं काय, तर पुढच्या वर्षी बघू. आमच्या डोंगरांत 'पुढच्या वर्षी बघू' हे फक्त दोन गोष्टींबद्दल म्हणतात: गळणारं छप्पर आणि बायकोची इच्छा. छपराचा नंबर आधी लागतो.

*

प्रत्येक गाडीत गिअरच्या दांड्यापुढे अंगठ्याएवढी पितळी पट्टी असते. वीसपैकी पहिली, वीसपैकी दुसरी, असं कोरलेलं. तारिकोने पट्ट्या अल्बाच्या एका कोरीवकाम करणाऱ्याकडून करून घेतल्या. त्या कारागिराने सोळा कोरली आणि मग अठरा. मुद्दाम काही केलं नाही. आमच्या हॉटेलांत सतरा नंबरची खोली नसते, लॉटरीत तो आकडा कोणी लावत नाही, सतरा तारखेला शुक्रवार आला तर लग्नं पुढे जातात. सोळानंतर अठरा हे आमच्या डोळ्यांना बरोबरच दिसतं. तारिकोने पट्ट्या मोजल्या, वीस भरल्या, बसवल्या. एकोणीस गाड्या गेल्या. सोळा इथेच, इटलीत. एकाच्याही लक्षात आलं नाही.

विसावी गाडी एवाझिओची. तिच्या पट्टीवर लिहिलं होतं २१/२०.

"विसांतली एकविसावी!" एवाझिओ म्हणाला. "अख्ख्या जगात अशी दुसरी नसेल!"

त्याने पट्टीचा फोटो काढला आणि टाकला सगळीकडे. तो हॉलंडमधल्या एका दंतवैद्यापर्यंत पोचला. त्याने २०/२० ची पट्टी मिळावी म्हणून, शेवटची म्हणून, वरचे पैसे मोजले होते. त्याच्या वकिलाने तारिकोला एकच ओळ लिहिली. सतरा कुठे आहे?

*

तारिको केक घेऊन घरी आला. केक आणला की समजावं.

"एवाझिओ, बस."

"बसलोच आहे."

"मग बसूनच राहा. तुझी पट्टी बदलावी लागणार."

"किती होणार?"

तारिकोने केककडे पाहिलं. एवाझिओने तारिकोकडे पाहिलं. मग त्याचा हात टेबलाखाली गेला. आमचं टेबल लाकडाचं आहे, त्यामुळे मी खिडकीबाहेर बघितलं.

"हे बघ," तारिको म्हणाला, "इतर कोणी बदलून घेणार नाही, मी विचारलं सगळ्यांना. सोळा जणांनी फोनवरच काहीतरी धरल्याचं ऐकू आलं मला. तू घेतोस तर तीन लाख दहा हजार. नाहीतर सगळे पैसे परत, एक सेंट कापणार नाही. रविवारपर्यंत सांग."

सगळे पैसे परत. मी केक कापला आणि तारिकोला मोठा तुकडा दिला.

आता माझं सांगते. काउंटरवर मी जन्मभर लोकांना सांगत आले, की ताईत बांधून मूळव्याध जात नाही. शिडीखालून मी सरळ जाते. काळं मांजर आडवं गेलं तर त्याला बाजूला हो म्हणते. पण त्या दुपारी मी हात छातीवर ठेवला आणि म्हटलं, "सतरा? मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही बाई."

"तू?" एवाझिओ म्हणाला. "तू?"

"शिडी वेगळी. शिडी ताशी दोनशेने पळत नाही."

*

सेकोंदोच्या बारमध्ये, बार्बेरा वाइनच्या ग्लासांवर:

"गाडी तीच?" सेकोंदोने विचारलं.

"तीच," एवाझिओ म्हणाला.

"इंजिन तेच, चाकं तीच, रंग तोच?"

"सगळं तेच."

"आणि पट्टी बदलल्यावर एक लाख दहा हजारांनी उतरली?"

"हो."

"मग तारिको गाड्या कशाला बनवतो? पट्ट्याच विकाव्यात ना. गिरणी रिकामी होईल, तिथे बोलिंग तरी खेळता येईल."

"तुला नाही कळायचं, सेकोंदो. ती हाताने बनवलेली असते."

"माझी बायको रवियोली हाताने बनवते. अजून एकानेही नंबर मागितला नाही."

*

शनिवारी एवाझिओ गाडीत बसायला गेला. मीही गेले. नको असलेली वस्तू नीट पाहून घ्यावी.

तो आत बसला, दार लावलं, आणि त्याची नजर पट्टीवर पडली. चकचकीत, नवी, १७/२०. हात आपोआप उठला. दांड्यावर गेला.

"टायटॅनियम," बाहेरून तारिको अभिमानाने म्हणाला.

हात डॅशबोर्डवर गेला.

"कार्बन."

दारावर.

"कार्बन. आणि तो पट्टा चामड्याचा. सहाशे ग्रॅम वाचवले तिथे."

सीट कार्बनची. पेडल अ‍ॅल्युमिनियमचे. एवाझिओ सीटखाली वाकला, मग छपराला चाचपू लागला, झोपेत चष्मा शोधल्यासारखा.

"तारिको," तो काचेतून म्हणाला, "हिच्यात लोखंड कुठे आहे?"

"नाही! तेच तर! लोखंड काढायचेच पैसे आहेत."

"एवढंसंही नाही?"

"इंजिनाचा ठोकळा आहे की ओतीव."

"तो बोनेटखाली आहे! मी ताशी शंभरने जाताना खाली उतरून हात लावू?"

"सांगाड्यात पोलादी नळ्याही आहेत. तुझ्या डोक्यावर. चामडं चढवलंय फक्त."

मग चामड्यातून लावलेला हात धरतात का, यावर वाद सुरू झाला. तारिको म्हणाला धरतात. सेकोंदोला फोन लावला. सेकोंदो म्हणाला, हातमोजे घालून चर्चच्या पाण्यात बोट बुडवलं तर चालतं का? फोन ठेवला.

"एक खिळा ठोक कुठेतरी," एवाझिओ काकुळतीने म्हणाला. "एवढासा."

"माझ्या गाडीत? खिळा?" तारिकोचा आवाज चढला. "अरे, आरशाचे स्क्रू मी पोकळ करून घेतलेत!"

मी मनातल्या मनात नोलीच्या बाल्कनीत खुर्ची मांडत होते.

*

रविवारी तारिकोने गाडी दिवसभरासाठी दिली. एवाझिओचा बेत असा: नोलीला जायचं, मी घर पाहायचं, त्याने गाडी पाहायची, आणि तिथेच ठरवायचं.

"पण तू पाय ठेवणार नव्हतीस," तो म्हणाला.

"घरासाठी ठेवते," मी म्हटलं.

खालच्या वळणांपर्यंत तो बरा होता. मग कब्रस्तानाची भिंत आली. त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, डॅशबोर्डवर गेला, तिथून छपराकडे, छपरावरून खाली. गाडी भिंतीकडे सरकली. पुढे एक फुलांची गाडी, पुन्हा हात. मग एक नन सायकलवर.

"ननचं काय?"

"एकटी होती, एकटी नन दिसू नये," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"थांब. उतर. या बाजूला ये."

"तू चालवणार? सतरा?"

"दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवणारं कोणीतरी हवं."

मी आजवर फक्त आमची छोटी पांदा चालवली होती. पांदाला चढावर बोलावं लागतं, ये गं, ये गं, अजून थोडं. हिला काही बोलावं लागलं नाही. मी पाय ठेवला आणि चेस्टनटची झाडं मागे गेली. दुसरं वळण मला सापडण्याआधी तिला सापडलं. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने जो आवाज काढला तो कानाला नाही, फासळ्यांना ऐकू आला. एवाझिओ काहीतरी ओरडत होता. तोंड उघडबंद होताना दिसत होतं, एवढंच. गोळ्या जेवणाआधी की नंतर हे कोणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तरी कळलं नसतं.

खिंडीच्या माथ्यावर मी थांबले. थांबायचं काही कारण नव्हतं. गाडी मागे वळवून तीच पाच वळणं पुन्हा घेतली.

*

नोलीला घर सुंदर होतं. खोटं बोलणार नाही. बाल्कनी होती, समुद्र होता, दलालीणबाई गोड होत्या. मी कठड्याला टेकले.

"डॉक्टरबाई!"

उजवीकडच्या बाल्कनीत आमच्या गावचा नोटरी, चड्डीवर. "कशा काय इकडे? बरं झालं भेटलात. ती निळी गोळी, ती द्राक्षांच्या रसाबरोबर..."

"डॉक्टरबाई!" खालच्या रस्त्यावरून शाळेतली बिब्याना, हातात फोकाच्चा पाव. "माझं पायाचं मलम आलं का हो?"

वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकलं. मी वर पाहिलं नाही, आवाजच ओळखला. ठोका चुकणाऱ्या नाडीवाले.

आमचं सगळं गाव नोलीला घरं घेतं. हे मला तीस वर्षं माहीत होतं. तीस वर्षं मी त्यांना उन्हाळ्याच्या आधी गोळ्या बांधून देत होते. पण त्यांच्याबरोबर इथे मी असेन, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाल्कनी समुद्रासमोर होती, पण ती माझं काउंटरच होती.

*

किनाऱ्यावरच्या बाकावर:

"मी ठरवलं," एवाझिओ म्हणाला. "परत देतो. पैसे घेऊ, घर घेऊ. तू जिंकलीस."

"नाही द्यायची."

"काय?"

"घेऊ या. घर नको."

"इर्मा, ती सतरा आहे."

"आकड्याने काय होतं?"

"आठवड्याभरापूर्वी तू छातीवर हात ठेवलास!"

"नाटक होतं."

"मी चार लाखांना घेत होतो तेव्हा मूर्खपणा होता, आणि आता..."

"आता तीन लाख दहा आहे. आणि चालवणार मी."

"मग तो मूर्खपणा नाही?"

"आहे ना. पण आता माझा आहे."

"म्हणजे एवढे पैसे वसूल होतात असं तुझं म्हणणं?"

"नाही रे. पाच वळणांना वसूल काय होणार? ती पुन्हा घ्यावी लागतात."

एवाझिओने हात चोळले, बाक सिमेंटचा होता. मग तो उठला, समोरच्या होड्यांच्या सामानाच्या दुकानात गेला, आणि बगलेत होडीचा छोटा नांगर घेऊन आला. लोखंडी, चार काट्यांचा, दोन किलोंचा.

"हा मांडीवर असला तर बसेन," तो म्हणाला.

*

सोमवारी मी सही केली. तारिकोने आनंदाने माझा हात हातात घेतला, आणि मग त्याला बाजूच्या सीटवर बसलेला एवाझिओ दिसला.

"ते काय आहे?"

"लोखंड," एवाझिओ म्हणाला.

"किती?"

"दोन किलो."

तारिको गिरणीच्या पायरीवर बसला. दोन किलो काढायला त्याला एक हिवाळा लागला होता. आरशाचे स्क्रू, दारांचे पट्टे, सगळं त्याने मोजून दाखवलं. मी इंजिन सुरू केलं, त्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही.

*

ही गाडी नवी असताना, १९८१ साली, ओर्मेआ गावच्या एका सुईणीने घेतली होती, नवऱ्याला न विचारता.