दुसरं बोलावणं

सोळा सोमवारांचं व्रत मी यांच्या दम्यासाठी धरलं होतं. आमच्या सासूबाईंची रीत अशी, की पूजा झाली की कहाणी सांगायची ती माणसाला, आणि ऐकणारानंही सकाळपासून तोंडात काही घातलेलं नसावं. त्यानं मधून मधून ‘हूं’ म्हणायचं. हुंकाराशिवाय कहाणी देवापर्यंत पोचत नाही, असं त्या म्हणत. त्या गेल्या. हे केम गावच्या शाळेत मास्तर, न्याहारी करून लवकरच बाहेर पडत. माझा गोपाळ दहा वर्षांचा, त्याला उपाशी कसा ठेवू? पहिल्याच सोमवारी महादेवाच्या देवळात पूजा आटोपली आणि ऐकायला माणूस सापडेना.

बाहेर बेलाच्या पारावर तेवढा रावजी बसला होता.

रावजी रंभाबाईंचा मुलगा, वीस-बावीस वर्षांचा. आदल्या साली गावच्या तालमीत, सरावाच्या कुस्तीत, त्याच्या डावावर कोंडीबा मानेवर पडला तो उठलाच नाही. लहानपणापासूनचे जोडीदार दोघं. कुणी रावजीला बोल लावला नाही. तालमीला कुलूप लागलं, आणि बरोबरीची मुलं त्याला पाहिलं की दुसऱ्या बोळानं जाऊ लागली. त्यात वैर नव्हतं. काय बोलावं ते सुचत नव्हतं, एवढंच. मग तोही कुणाकडे जाईनासा झाला.

रंभाबाई एकदा ओट्याशी येऊन म्हणाल्या होत्या, “मास्तरीणबाई, पोरगं बोलत न्हाय वो. भाकरी म्होरं ठिवली तर दुपारला दोन घास खातंय. तुमी देवाधर्माच्या, तुमीच कायतरी करा की.”

मी काय करणार होते? पण त्या सोमवारी पाराशी गेले आणि विचारलं, “रावजी, काही खाल्लंयस का रे?”

त्यानं मान हलवली. नाही.

“मग माझी कहाणी ऐक. नुसतं हूं म्हण.”

त्यानं हूं म्हटलं नाही. मी सांगत राहिले. दुसऱ्या सोमवारी तसंच. तिसऱ्या सोमवारी मी मधेच थांबले, तर बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “हूं.”

मी घरी येऊन देवापुढे रडले.

आठव्या-नवव्या सोमवारपर्यंत तो माझ्याआधी येऊन पार झाडून ठेवू लागला. एकदा म्हणाला, “बाई, तुमच्या कहाणीतला राजा लई इसरभोळा हाय की. दर येळी वसा घेतो आन् इसरतो.”

“तो विसरतो म्हणून तर कहाणी पुढे चालते,” मी म्हटलं. तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा हसला असेल.

बाराव्या सोमवारी कहाणी संपली तरी तो उठला नाही. आपल्या तळहातांकडे पाहत म्हणाला, “तुमच्या कहाणीत मेल्याली माणसं जित्ती हुत्यात. समदी परत येत्यात. आमच्यात का न्हाय येत, बाई?”

मी एवढंच विचारलं, “कोंडीबाच्या आईला भेटलास?”

“कुटल्या तोंडानं जाऊ? त्या माझ्या हातचं पानीबी पिनार न्हाईत आता.”

त्याच दिवशी मी बजाबाईंकडे गेले. कोंडीबा त्यांचा एकुलता एक. त्या शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, “सतराव्या सोमवारी उद्यापन आहे. तुम्ही या, आणि रावजीच्या हातावर प्रसाद ठेवा. गाव बघेल.”

बजाबाई पुष्कळ वेळ शेंगा फोडत राहिल्या. मग पदरानं हात पुसून म्हणाल्या, “ठिवीन की. त्यो माज्याच हातचं खाऊन वाढलाय. पर त्याला म्हनावं, आपल्या पायानं ये.”

मी रावजीला सांगितलं. त्यानं विचारलं, “खरंच म्हनल्या?”

“खरंच. पानं मांडली की मी बोलावणं पाठवते. मग ये.”

आमच्याकडे जेवणाला दोन बोलावणी. पहिलं आधी दिलेलं, आणि दुसरं पानं मांडल्यावर. दुसरं आल्याशिवाय शहाणा माणूस कुणाच्या दारात जात नाही.

उद्यापनाच्या दिवशी मी पहाटेपासून सोवळ्यात होते. सोळा मेहुणं जेवायची, चुरम्याचे तीन भाग, कुठे उणं राहू नये म्हणून जीव टांगलेला. ऐन पूजेच्या वेळी बेल पाहिला तर निम्मी पानं किडकी. मी गोपाळला पळवलं. तो ताजा बेल घेऊन आला, एक त्रिदळ फाटलेलं नाही. मी धन्य झाले. पूजा झाली, कहाणी घरातच मेहुणांना सांगितली, सगळ्यांनी हूं म्हटलं. पंगती उठल्या. मी शेवटी पानावर बसले आणि पहिला घास हातात घेतला, तेव्हा गोपाळ म्हणाला, “आई, बेल रावजीनं झाडावर चढून काढून दिला. विचारत होता, पानं मांडली का म्हणून. मी म्हटलं, अजून नाही.”

घास हातातच राहिला.

तशीच धावले. पार रिकामा होता, झाडलेला. गुरव म्हणाला, “दिवसभर बसला हुता बिचारा, उपाशी. आत्ताच गेला.”

रंभाबाईंचं घर गाठलं, तर त्या दारात बसलेल्या. “‘बजाकाकू न्हाई म्हनल्या असतील, आई,’ म्हनला. कापडं घेतली आन् ठेसनाकडं गेला.” स्टेशनावर पोचले तेव्हा सोलापूरची गाडी सुटून गेली होती.

परतताना आठवलं. बजाबाई आमच्या मागच्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्याशी बसल्या होत्या. येताजाता मला दिसल्या होत्या. मी हसून ‘बसा हं’ म्हटलं होतं. घरी पोचले तर त्या अजून तिथेच होत्या, आणि त्यांच्या पदराच्या गाठीत चुरमा तसाच होता. मला पाहून म्हणाल्या, “न्हाय आला न्हवं? पोराला अजून माजी भीती वाटती.”

मी त्यांचे पाय धरले. सगळं सांगितलं.

पुढे दोन महिन्यांनी गावातला एकजण म्हणाला, रावजी सोलापुरात भवानी पेठेत दिसला, गिरणीत लागलाय. कुणाशी बोलत नाही. सोमवारी दुपारपर्यंत काही खात नाही. मी त्याच्याकडून पत्ता घेऊन कार्ड टाकलं. बारा दिवसांनी ते परत आलं. वर टपालवाल्यानं लिहिलं होतं, पत्राचा मालक तिथे राहत नाही.

त्या सोमवारी ते कार्ड घेऊन देवळात गेले तर पारावर बजाबाई बसलेल्या. म्हणाल्या, “सकाळधरनं काय खाल्लं न्हाय. काय लिवलं हुतं त्याला, वाचा.”

मी त्यांच्याशेजारी बसले आणि माझंच कार्ड वाचू लागले.

“चि. रावजीस आशीर्वाद. त्या दिवशी बजाबाई आल्या होत्या.”

“हूं,” बजाबाई म्हणाल्या.

“तुझ्यासाठी प्रसाद घेऊन संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या.”

“हूं.”

“बोलावणं पाठवायचं मी विसरले.”

बजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बेलाची पानं खाली पडत होती. मी थांबून राहिले. खूप वेळानं त्या म्हणाल्या, “हूं.”