चाकाला एरंडेल

वाळूजच्या कंपनीत दिवसभर मशीन, घरी आल्यावर लेकीचा, अक्षदाचा अभ्यास, दळण, गॅसची टाकी. या सगळ्याच्या फटीतून इंद्रजीत पैठणच्या रस्त्यावर सायकल पिटाळायचा. पैठणच्या येष्टीचे ड्रायव्हर त्याला हात करायला लागले होते, पोटची पोरगी मात्र ओळख विसरत चालली होती. शेवटी बायकोनं, मंजुषानं, निकाल दिला. "अजिंठ्याची शर्यत करा. दिवस मावळायच्या आत क्रांती चौकात आलात तर सायकल घरात राहील. नाय आलात तर ती तरी जाईल, नाय तर मी."

"तू कशी जाशील?"

"तिच्यावरच बसून. माहेरी."

शर्यत जबर होती. शहरातून अजिंठा, परत फुलंब्री, तिथून खुलताबाद, घाट उतरून दौलताबाद आणि मग क्रांती चौक. खुलताबादेला पोचेस्तोवर इंद्रजीतच्या मांड्यांचं पिठलं झालं होतं अन् ऊन कलायला लागलं होतं. रस्त्याकडेला आई-बाप उभे होते. अख्खी हयात मेंढरं राखली, बैलगाडी हाकली, अशी माणसं. सरूबाईनं लेकाला ओवाळलं, भाकरी हातावर ठेवली. कडूबा मात्र लेकाकडं बघेचनात. ते चाकाकडं बघत होते.

"थांबताना लई बोंबलतंय रे. पार वळणावरनं ऐकू आलं. गाडीवानाच्या पोरानं असलं चाक घेऊन गावातनं जायचं? लोक काय म्हणतील?"

"आबा, ते तसंच असतंय." इंद्रजीतनं लिंबाला पाठ टेकली, डोळे मिटून भाकरी चावली. डोळे उघडले तर सावल्या लांबलेल्या! दचकून उठला, सायकलवर टांग टाकली अन् सुटला.

घाटाच्या पहिल्याच उतारावर त्यानं ब्रेक दाबला. एरवी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यागत किंचाळणारा ब्रेक गप्प. त्याला बरं वाटलं. मग ध्यानात आलं, ब्रेक ओरडला नाही आणि धरलाही नाही. पुढचा दाबला. तोही मुका. तेवढ्यात नाकात वास शिरला.

एरंडेल!

लिंबाखाली लेकाचा डोळा लागला तेवढ्यात कडूबांनी बोंबलणारी चकती बरोबर हुडकली होती. ब्रेकची चकती. एकीवर अन्याय नको म्हणून दोन्ही चाकांची. गाडीच्या कण्याला घालतात तसं, मायेनं बोट फिरवून फिरवून वंगण घातलं होतं.

पुढचं ज्याला पटेल त्यानं पटवून घ्यावं. इंद्रजीतच्या डोळ्यातलं पाणी गालावर न येता सरळ कानात जायला लागलं. कठड्यावरच्या माकडांनी पोरं पोटाशी धरली. एक येष्टी मागं पडली, तिच्या कंडक्टरनं सवयीनं विचारलं, "कुठवर?" दौलताबादेला सीताफळं विकणाऱ्या आवडाबाईची पाटी वाऱ्यानंच पालथी झाली. "आरं ए मुडद्या, घ्यायची तर तोलून घे!" ती ओरडली, पण ते शब्द त्याला गाठू शकले नाहीत. पुढं किल्ल्याचा जुना दरवाजा, त्यात समोरून ट्रक. भिंत आणि ट्रक यांच्यात एक माणूस मावेल एवढी फट. इंद्रजीतनं श्वास आत घेतला, आणि तो पार पडेगाव मागं गेल्यावर सोडला.

सपाटीला कधीच लागला होता. पाय थांबवले असते तर सायकल आपोआप थांबली असती. पण पाय थांबवतात कसे, हेच तो विसरला होता.

क्रांती चौकात तो शिरला तेव्हा इमारतींच्या माथ्यावर ऊन होतं. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यानं चौकाला दोन फेऱ्या घातल्या, बूट रस्त्यावर घासत घासत थांबला आणि तिथंच बसला.

"अहो, आलात की!" मंजुषा धावत आली. सायकल उचलायला गेली अन् तिचे हात तेलानं बरबटले. तिनं ब्रेक दाबून पाहिला. मग तिचा चेहरा उतरला.

"घाट असा उतरलात? मी मावळतीची अट घातली म्हणून? थांबायचं होतं ना हो कुठंतरी!"

"थांबायला ब्रेक लागतो, मंजुषा."

ती मटकन त्याच्या शेजारी रस्त्यावरच बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं उचलला.

"काय सूनबाई, पळाली का नाय गाडी?" कडूबांचा आवाज अख्ख्या चौकाला ऐकू गेला. "आवाज बंद केला मी तिचा. पुढल्या साली घाटाच्या तोंडालाच बसतो एरंडेल घेऊन. सगळ्यांच्याच चाकांना घालतो, फुकट!"




शर्यतीचे बाकीचे गडी सायकली उचलून लांब सरकले.