कॉमासकट

तीन वर्षांत अक्षताने चार इंग्रजी नाटकं केली आणि चारही नाटकांत तिच्या हातात ट्रे होता. कॅम्पातल्या त्या हौशी ग्रुपसाठी ती दर रविवारी वाघोलीहून दोन बस बदलून जायची. नाटक लंडनच्या घरात घडो की कोरेगाव पार्कातल्या, चहा घेऊन येणारी कामवाली तीच. दिग्दर्शक तेजस अभिमानाने सांगायचा, की आपण जातपात बघत नाही. खरंही असेल. फक्त कामवालीचा पार्ट आला की त्याला अक्षता आठवायची आणि साहेबाचा आला की रोहन. न बघता इतकं अचूक निवडायचं, म्हणजे कलाच म्हणायची.

"घरी स्वतःचं ताट उचलत नाहीस," तिची आई ललिता म्हणायची, "तिथे मात्र ट्रे उचलायला दोन बस बदलून जातेस."

अक्षताला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. तिचं इंग्रजी त्या ग्रुपमध्ये कुणाहून कमी नव्हतं. तिचे वडील भीमराव तीस वर्षं कोर्टात इंग्रजी स्टेनो होते. जजसाहेब निकाल सांगणार, हे लिहून घेणार. हात बसलेला राहावा म्हणून ते लहानपणी तिला इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचायला लावायचे आणि स्वतः शॉर्टहँडमध्ये उतरवायचे. कॉमा आला की मोठ्याने 'कॉमा' म्हणायचं, वाक्य संपलं की 'फुलस्टॉप', अगदी कोर्टातल्यासारखं. "आणि कॉमाला थांबायचं," ते बजावायचे. "चांगला जज स्टेनोची पेन्सिल थांबेपर्यंत थांबतो. मला असे दोनच भेटले."

तेजसने नवं नाटक लिहिलं, पुण्यातल्याच कोर्टातलं. अंगठी चोरल्याचा आळ आलेली एक कामवाली आणि तिला निर्दोष सोडणारे एक जज. जजचा निकाल चांगला दोन पानांचा होता. अक्षताने तो आठवड्यात पाठ केला. हा पार्ट मिळाला नाही तर रविवार बंद, असं तिने आईला सांगूनही टाकलं.

रविवारी तेजसने जजची पानं नेहमीप्रमाणे रोहनकडे सरकवली. अक्षताने हात वर केला.

"जजचा पार्ट मला वाचायचाय."

"अगं, पण बाई म्हणजे या प्लेचा आत्मा आहे," तेजस म्हणाला. "आणि ती तूच करू शकतेस. सो ऑथेंटिक."

"आमच्या धम्मात आत्मा मानत नाहीत," अक्षता म्हणाली. "शिवाय त्याला ओळी तीनच आहेत."

कुणीतरी खुदकन हसलं. तेजसला हसावं की ओशाळावं ते कळेना. "ओके," तो म्हणाला, "वाच."

ती उभी राहिली. ट्रे नसल्यामुळे हातांचं काय करावं ते समजेना. दोन ओळी नीट गेल्या आणि तिसरीला जुनी सवय उसळून वर आली.

"धिस वुमन कॉमा इन माय व्ह्यू कॉमा हॅज टोल्ड द ट्रूथ फुलस्टॉप."

"पंक्चुएशन वाचतेय यार ही," रोहन हसत म्हणाला, आणि सगळेच हसले.

अक्षताचे कान तापले. पिशवी उचलावी आणि वाघोलीची बस गाठावी, असं तिला वाटलं. तीन वर्षं तोंड उघडायला मिळालं नाही, आणि मिळालं तेव्हा हे असं. पण ऐन वेळी तिचा रागच तिच्या मदतीला धावून आला.

"जज असंच बोलतात," ती म्हणाली. "भर कोर्टात, स्टेनोला सांगत. माझे बाबा तीस वर्षं लिहून घेत होते. तुझा जज कुणाला सांगतोय, तेजस? हवेला?"

"खरंच कॉमा म्हणतात?"

"जाऊन बघ. कोर्टाला तिकीट नसतं."

तेजसचा एक गुण मानायला हवा, चूक दिसली की तो ती झाकत बसायचा नाही. त्याने रोहनपुढची पानं उचलून तिला दिली. मग म्हणाला, "पुन्हा वाच. पहिल्यापासून, कॉमासकट."

या वेळी ती प्रत्येक कॉमाला थांबली, समोर कुणाची तरी पेन्सिल चालू असल्यासारखी. दोन पानं संपली तेव्हा कुणी हसत नव्हतं.

"सॉरी," तेजस म्हणाला. "मी तुला कधी विचारलंच नाही."

"तीन वर्षं," अक्षता म्हणाली. माफ करायची तिला काही घाई नव्हती.

जज ती झाली. तेजसने नाटकात एक स्टेनो घातला आणि तो रोहनच्या वाट्याला आला. त्याला ओळ एकही नव्हती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," अक्षता त्याला म्हणाली. "प्लेचा आत्मा आहेस तू."

प्रयोगाला भीमराव आणि ललिता पहिल्या रांगेत बसले होते. निकाल सुरू झाला आणि अक्षताला दिसलं, बाबांचं बोट गुडघ्यावर चालतंय. रोहनची पेन्सिल नुसतीच हलत होती, खरा निकाल तिथे गुडघ्यावर उतरत होता. शेवटच्या वाक्याला ते बोट मागे पडलं. ती थांबली. ओळ विसरली की काय, म्हणून रोहनने घाबरून वर पाहिलं. बोट सावकाश पुढे सरकलं आणि थांबलं. मग ती म्हणाली, "फुलस्टॉप."

प्रयोगानंतर मेकअपरूममध्ये येऊन ललिताने लेकीचे रिकामे हात हातात धरले आणि सोडलेच नाहीत. भीमरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दोन होते," ते म्हणाले. "आता तीन झाले."