चारला दहा कमी

मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे आणि मित्रांनो, मी बिघडलेले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण येणारा-जाणारा माझ्याकडे बोट दाखवून "बिचारं बंद पडलंय" म्हणतो आणि ते मला फार लागते.

माझी उमेदीची वर्षे एका न्यायाधीशांच्या दिवाणखान्यात गेली. दर रविवारी ते स्वतः मला किल्ली देत. माझ्या ठोक्यावर घर जेवे, निजे. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला सगळे राणी म्हणत.

एकदा मी खरेच अडले आणि एक तरुण घड्याळजी आला. तो माझी चाके पुसत होता, राणी दिवा धरून उभी होती. त्यानंतर मी वरचेवर बंद पडू लागले! राणीच केसांतला आकडा काढून माझ्या लंबकामागे अडकवायची. घड्याळजी यायचा, आकडा गुपचूप तिच्या हातावर ठेवायचा आणि न्यायाधीशांना म्हणायचा, "साहेब, घड्याळ जरा नाजूक आहे तुमचं."

मी आणि नाजूक! पण ती दोघे चोरून हसत, तेव्हा माझा राग कुठच्या कुठे पळे.

मग एका कारखानदाराच्या घरून राणीला मागणी आली. बंगला, मोटार, नोकरचाकर. ते तिला नको होते असे मी म्हणणार नाही. तिला ते आवडत होते, हेच तर खरे दुखणे होते.

"नुसत्या प्रेमानं चूल पेटत नाही गं," राणीची आई म्हणाली.

घड्याळजी शेवटचा आला तेव्हा हळूच म्हणाला, "मी दुसऱ्या गावी दुकान टाकतोय. रविवारी चारची गाडी आहे. येशील?"

"येते," राणी म्हणाली.

रविवारी न्यायाधीशांनी मला किल्ली दिली. दुपारी घर निजले. राणी पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. स्टेशन गल्लीच्या टोकालाच होते. तिने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. चारला दहा कमी होते. तिचा हात केसांकडे गेला. यावेळी कुणी यावे म्हणून नव्हे, चार वाजूच नयेत म्हणून तिने मला थांबवले. गाडी मात्र शिट्टी देऊन वेळेवर निघून गेली.

लग्नात तिने मला मागून घेतले. बंगल्यात माझे कौतुक झाले ते लाकडाचे, नक्षीचे. मालक म्हणत, "दुरुस्त करून घेऊ." ती म्हणे, "राहू दे, शोभेला आहे."

आता मालक नाहीत, राणीची आजी झाली आहे. परवा धूळ पुसताना नातीने माझे दार उघडले. गंजलेला आकडा ओढून काढला, लंबकाला बोट लावले. त्या रविवारची किल्ली माझ्या पोटात तशीच होती. मी चालू लागले!

"आजी, बिघडलंच नव्हतं गं हे!"

आजीला माडीवरून भिंत धरत धरत खाली यायला बराच वेळ लागला. माझा काटा चारला टेकत आला होता. मी ठोक्यासाठी श्वास भरून घेतला. तिने नातीच्या हातून आकडा घेतला.

"अगं, वाजू दे ना!"

"आता कुणासाठी वाजायचं बाळा?" आजी म्हणाली आणि तिने आकडा पुन्हा अडकवला.

मित्रांनो, तेलपाणी नंतर करा. एखादे घड्याळ थांबलेले दिसले, तर आधी त्याचे दार उघडून आत काय अडकले आहे ते बघा, आणि वेळेत बघा. माझे चार वाजायचे अजून राहिले आहेत.