दारातली खुर्ची

तुर्कस्तानातल्या मुदुर्नू गावच्या तांबटआळीत मुझेय्यन वडिलांच्या दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा दार सताड उघडे होते आणि उंबऱ्यावर वेताची खुर्ची आडवी ठेवलेली होती. दारात खुर्ची म्हणजे मालक जवळच कुठे गेला आहे, येईलच. ती ओलांडून आत जायची या बाजारात कुणाची छाती नव्हती. वडिलांना जाऊन मात्र बावन्न दिवस झाले होते.

"रेम्झीकाका, ही कुणी ठेवली?"

शेजारचा खोगीरवाला रेम्झी टाका घालत म्हणाला, "मीच. माझ्याकडच्या किल्लीनं रोज दार उघडतो, ही ठेवतो."

"दुपारी दुकान घेणारे येणार आहेत. उचला ती."

"खुर्ची मालकानं उचलायची असते. आता तूच मालकीण. उचल की! का अंकाराला राहून हात गळाले?"

तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. उचलायला मात्र तो धजेना.

भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. वरच्या गावची दुरिये. मांडीवर काळवंडलेले तांब्याचे पातेले.

"पोरी, हा कल्हईवाला उस्ता कधी येतो गं? हा माझा तिसरा शुक्रवार. खुर्ची बघते, बसते, चारच्या गाडीनं परत जाते."

रेम्झीची सुई थांबली. "मला सांगायचा धीर झाला नाही," तो पुटपुटला.

मुझेय्यन म्हातारीसमोर उकिडवी बसली. "आजी, बाबा आता यायचे नाहीत."

दुरिये बराच वेळ पातेल्यावरून हात फिरवत राहिली. "म्हणजे ही खुर्ची खोटं बोलत होती?"



मुझेय्यन उठली. खुर्ची उचलून तिने भिंतीशी ठेवली, म्हातारीला तीत बसवले आणि पातेले घेऊन आत गेली. लहानपणी पातेल्यात वाळू टाकून, आत उभी राहून ती पायांनी घासून द्यायची; पुढचे काम तिने नुसते पाहिलेले होते. आज हातांनी घासले, विस्तव पेटवून भाता ओढला, नवसागर टाकला. धुराने डोळे भरून आले. ते तिने पुसले नाहीत. कथील वितळले, कापसाच्या बोळ्याने तिने ते फिरवले.

"एका बाजूला जाड बसलीय कल्हई, आजी."

"तुझ्या बापाचीही सुरुवातीला अशीच बसायची," म्हातारी म्हणाली आणि पातेले शालीखाली घेऊन निघाली.

रेम्झीने रिकामी खुर्ची उचलली. सवयीने तो दाराकडे दोन पावले गेला, थबकला, आणि ती आपल्या दुकानात घेऊन गेला.

मुझेय्यनने विस्तवावर पाणी ओतले, दार ओढून घेतले आणि किल्ली हातात धरून पायरीवर दुकान घेणाऱ्यांची वाट पाहत बसली.